मलिक अंबर : लष्करी गुलामीची संस्था आणि चरित्राचा प्रश्न

मराठीत रुळलेल्या ‘मालक’, ‘मलिक’ आणि ‘मुलूख’ या तीन शब्दांचे मूळ एकच आहे. अरबीतील ‘म-ल-क’ या धातूपासून ते आले असून त्यांचा संबंध स्वामित्वाशी आहे. ‘ज्याच्यावर दुसऱ्याचे स्वामित्व आहे असा’ या अर्थाचा ‘मम्लूक’ हा शब्दही याच धातूपासून सिद्ध झाला आहे. मालक आणि मालकीची वस्तू, राज्य आणि राज्याने विकत घेतलेला माणूस, या परस्परविरोधी कल्पना एकाच धातूच्या पोटी नांदतात. भाषेतील हा विरोध सतराव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या आयुष्यात प्रत्यक्ष उतरला. ती व्यक्ती म्हणजे निजामशाहीचा सेनानी आणि कारभारी मलिक अंबर (सुमारे १५४८–१६२६). गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे पाव शतक एका राज्याचा खरा सूत्रधार झाला. त्याच्या चरित्राचा आधार घेऊन लष्करी गुलामीची संस्था समजावून घेणे आणि मराठी चरित्रपर लेखनपरंपरेला असा माणूस कितपत सामावून घेता आला याचा विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१. लष्करी गुलामी : संस्थेचे स्वरूप

‘गुलाम’ हा शब्द मराठीत हीनतादर्शक आहे. त्याचा अरबीतील मूळ अर्थ ‘मुलगा, तरुण’ असा असून मध्ययुगीन पश्चिम आशियात तो लष्करी सेवेसाठी खरेदी केलेल्या तरुणालाही लावला जाई. शेतमळ्यावर राबणारा गुलाम आणि मम्लूक यांत महत्त्वाचा भेद आहे. मम्लुकाला लहान वयात त्याच्या मायदेशापासून तोडून दूर नेले जाई. त्याला नवा धर्म, नवी भाषा व नवे नाव मिळे, शस्त्रविद्येचे आणि पुष्कळदा कारभाराचेही शिक्षण दिले जाई. त्याचे स्थान धन्याच्या घरातील परिजनाचे असे.

या व्यवस्थेमागील तर्क राजकीय आहे. सरदाराचा मुलगा बापाच्या जहागिरीचा, भाऊबंदांचा आणि कुळाच्या मानापमानाचा विचार करतो. त्याची निष्ठा वाटलेली असते. विकत आणलेल्या परदेशी तरुणाला कूळ नाही, वतन नाही, सोयरसंबंध नाहीत. त्याला धन्यावाचून दुसरा आधार नसतो, आणि म्हणूनच धन्याला त्याच्यावर विसंबता येते. नात्यांचा संपूर्ण अभाव ही येथे सेवकाची पात्रता ठरते. इजिप्तमध्ये या तर्काची परिणती मम्लुकांनीच राज्य ताब्यात घेण्यात झाली. १२५० ते १५१७ पर्यंत तेथे मम्लुकांची सत्ता होती. १२६० मध्ये ऐन जालूत येथे मंगोल फौजेचा पराभव मम्लुकांनीच केला, आणि त्या युद्धात चमकलेला बैबर्स लगोलग सुलतान झाला. दिल्लीचे कुतुबुद्दीन ऐबक, अल्तमश व बल्बन हे सुलतानही याच वर्गातून वर आले. मराठी पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेला ‘गुलाम घराणे’ हा शब्दप्रयोग मात्र काहीसा दिशाभूल करणारा आहे, कारण ज्यांना घराणे नाही हेच ज्यांचे वैशिष्ट्य त्यांना तो ‘घराणे’ बहाल करतो.

महाराष्ट्राचा या संस्थेशी पहिला मोठा संबंध मलिक काफूरच्या रूपाने आला. १२९९ मध्ये खंबायत येथे हाती लागलेला आणि ‘हजारदिनारी’ म्हणून ओळखला गेलेला हा गुलाम अलाउद्दीन खलजीचा सेनापती झाला. त्याने १३०७ च्या सुमारास देवगिरीवर स्वारी केली, पुढे द्वारसमुद्र व मदुरेपर्यंत मजल मारली आणि १३१६ मध्ये तो दिल्लीत मारला गेला. काफूर आणि अंबर या दोघांच्या नावांत एक साम्य आहे. ‘काफूर’ म्हणजे कापूर, आणि ‘अंबर’ (अन्बर) म्हणजे समुद्रात सापडणारे सुगंधी द्रव्य. याकूत (माणिक), रेहान (सब्जा), संदल (चंदन) अशी मौल्यवान अथवा सुवासिक वस्तूंची नावे गुलामांना देण्याची प्रथा होती. माणसाचे आईबापांनी ठेवलेले नाव पुसून त्याला व्यापारी मालाचे नाव दिले जाई. कौतुकाचा सूर असलेले हे नावच त्याच्या विक्रीची कायमची खूण होऊन बसे.

२. चापूचा अंबर होईपर्यंत

मलिक अंबरचा जन्म इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव ‘चापू’ असे होते. बालपणीच तो गुलामांच्या व्यापारात सापडला. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरातून तो बगदादला पोहोचला आणि तेथील मीर कासीम याने त्याला विकत घेतले. या धन्याने मुलाची बुद्धी ओळखली, त्याला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि ‘अंबर’ हे नाव ठेवले. १५७० नंतरच्या काही वर्षांतच त्याला दख्खनमध्ये आणण्यात आले. येथे अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाचा (पहिला) पेशवा चंगीजखान याने त्याची खरेदी केली. चंगीजखानाच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते, आणि तो स्वतःही मूळचा हबशी गुलाम असल्याचे सांगितले जाते.

दख्खनच्या सुलतानांना आफ्रिकेतून माणसे आणण्याची गरज का भासली, याचे उत्तर बहमनी काळापासून चालत आलेल्या दरबारी तटांत आहे. इराण-मध्य आशियातून आलेले ‘आफाकी’ आणि येथे स्थायिक झालेले ‘दख्खनी’ यांचे वैर दरबाराला पोखरत होते. कोणत्याच गटाचा भरवसा न वाटणाऱ्या सत्ताधाऱ्यांना केवळ आपलीच अशी माणसे हवी होती. अरबी समुद्रावरील व्यापाराने ती पुरवली. दख्खनचे कापड पश्चिमेकडे जाई, आणि तिकडून घोड्यांबरोबर माणसेही येत. चौल हे निजामशाहीचे बंदर या व्यापारातील एक महत्त्वाचे दार होते.

१५७४-७५ च्या सुमारास चंगीजखानाचा मृत्यू झाला आणि त्याच्या विधवेने अंबरला गुलामीतून मुक्त केले. मुक्ती ही गोष्ट आजच्या वाचकाला निखळ सुखाची वाटेल. लष्करी गुलामाच्या बाबतीत मात्र तिला दुसरीही बाजू होती. धनी गेला म्हणजे घर गेले, संरक्षण गेले आणि ओळखही गेली. अंबर आता कोणाच्याही मालकीचा नव्हता, आणि कोणाचा म्हणून सांगावे असेही त्याला कोणी उरले नव्हते. पुढील सुमारे वीस वर्षे तो रोजगारी शिपाई म्हणून वावरला. त्याने करीमा नावाच्या स्त्रीशी विवाह केला, विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी पत्करली आणि तेथे ‘मलिक’ हा किताब मिळवला. मम्लूक मलिक झाला, तो येथे.

३. राज्य नसलेल्या राज्याचा सूत्रधार

१५९५ मध्ये मोगल फौजेने अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) वेढा घातला. त्याच सुमारास अंबर निजामशाहीत परतला आणि अभंगखान हबशी याच्या हाताखाली १५० स्वारांचा नायक झाला. चांदबिबीने किल्ला शर्थीने लढवला. १५९६ च्या तहाने वऱ्हाड देऊन राजधानी वाचली, पण हा दिलासा अल्पजीवी ठरला. १६०० मध्ये चांदबिबी आपल्याच लोकांकडून मारली गेली, किल्ला पडला, आणि बालराजा बहादूर निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. कागदोपत्री निजामशाही संपली.

ती संपली नाही, याचे श्रेय अंबरकडे जाते. मोगलांच्या हाती राजधानी व तिच्या भोवतालचा प्रदेश होता, तथापि गावे, घाट आणि डोंगरी किल्ले अद्याप मोकळे होते. अंबरने निजामशाही वंशातील अली नावाचा राजपुत्र शोधून काढला, मुर्तजा (दुसरा) या नावाने त्याला परांड्यास गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. राजधानी पुढे जुन्नर, दौलताबाद अशी हलत राहिली. मियाँ राजू दख्खनी हा प्रतिस्पर्धी काही वर्षांत दूर झाला. मोगलांकडे गेलेले अहमदनगर १६१० मध्ये परत मिळाले. त्याच वर्षी दौलताबादेजवळ खडकी हे नवे नगर वसवण्यात आले. त्याला ‘नहर-ए-अंबरी’ या भूमिगत जलवाहिनीने पाणी पुरवले जाई. हेच पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर होय.

सर्व सत्ता हाती असूनही अंबर स्वतः कधी गादीवर बसला नाही. इजिप्तमध्ये मम्लूक सुलतान होऊ शकत होता. दख्खनमध्ये मात्र राजत्वाला राजवंशाची अट होती. मोगल, विजापूरकर आणि निजामशाहीतील मराठे सरदार यांपैकी कोणीही वंशहीन माणसाला राजा मानले नसते. म्हणून वंश एकाचा आणि कर्तृत्व दुसऱ्याचे, अशी विभागणी अंबरने पत्करली.

या विभागणीतील जखम एका प्रसंगातून उघड होते. १६१७ मध्ये अंबरच्या छावणीस भेट देणारा डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक याने ऐकलेली हकीगत अशी : सुलतानाच्या इराणी वंशाच्या ज्येष्ठ पत्नीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि तिच्या बापाविषयी अपशब्द काढले. हे कानी येताच अंबरने सुलतान व ती राणी या दोघांनाही विष देवविले. मुर्तजा (दुसरा) १६१० मध्ये मृत्यू पावला आणि त्याचा अल्पवयीन मुलगा बुऱ्हाण गादीवर आला, हे निश्चित आहे. हकीगतीचा तपशील छावणीतील वार्तेवर आधारलेला असल्याने तो तेवढ्याच सावधपणे घ्यावा लागेल. परंतु ज्या छावणीत राज्याचा सर्वाधिकारी राहत होता, तेथेही त्याच्या गुलामीची आठवण हेच त्याच्या क्रोधाचे सर्वांना पटण्याजोगे कारण मानले जात होते, ही बाब अर्थपूर्ण आहे. मुक्ती मिळून पस्तीस वर्षे लोटली तरी ‘विकत घेतलेला’ हे विशेषण पुसले गेले नव्हते, आणि ते बापाकडून मुलीकडे चालत आले होते.

४. बारगीर, गनिमी कावा आणि भातवडी

विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने १६१० च्या सुमारास अंबरच्या फौजेचा जो अंदाज नोंदवला आहे त्यात सुमारे १०,००० हबशी आणि ४०,००० दख्खनी आहेत. या दख्खनी सैन्यात मराठा स्वारांचा भरणा मोठा होता. हलके सामान, चपळ घोडी, घाटवाटांची माहिती आणि शत्रूची रसद तोडण्याचे कौशल्य या बळावर हे पथक जड तोफखाना घेऊन चालणाऱ्या मोगल सैन्याला जेरीस आणी. मोगल लेखक त्यांच्या लढण्याला ‘बारगीगिरी’ म्हणत. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो ‘बारगीर’, असा या फार्सी शब्दाचा अर्थ आहे. ‘गनिमी कावा’ या मराठी संज्ञेतील ‘गनीम’ही परकीय असून त्याचा अर्थ शत्रू असा होतो. मराठ्यांच्या युद्धपद्धतीची परिभाषा अशा प्रकारे पुष्कळ अंशी तिच्याविरुद्ध लढणाऱ्यांच्या भाषेतून आली आहे.

तथापि या युद्धतंत्राचा जनक मलिक अंबर, आणि मराठे त्याचे शिष्य, असे सूत्र मांडणे सोपे असले तरी पुरेसे नाही. डोंगराळ मुलखातील हलक्या घोडदळाची लढाई दख्खनला अंबरच्या आधीही ठाऊक होती. अंबरचे वेगळेपण एवढेच की, विखुरलेल्या टोळ्यांच्या या कौशल्याला त्याने राज्याच्या संरक्षणाचे सातत्यपूर्ण धोरण बनवले. ज्या लोकांजवळ ते कौशल्य होते त्यांच्याकडून तो शिकला आणि त्या लोकांनीही त्याच्याकडून संघटन घेतले. देवाणघेवाण दुहेरी होती.

अंबरचा मार्ग पराभवांपासून मुक्त नव्हता. काही मराठा व हबशी सरदार मोगलांना मिळाल्यावर १६१६ मध्ये रोशनगाव येथे त्याचा मोड झाला आणि खडकी जाळली गेली. १६१७ व १६२१ मध्ये शहाजादा खुर्रमशी, म्हणजे पुढच्या शाहजहानशी, त्याला तह करावे लागले. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशहा यांच्या संयुक्त फौजा त्याच्यावर चालून आल्या, तेव्हा तो सुमारे पंचाहत्तर वर्षांचा होता. अहमदनगरजवळील भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीसमोर चिखल व पाणी केले, रसद अडवली, रात्रीचे छापे घालून सैन्याचा धीर खचवला आणि मगच निर्णायक हल्ला केला. विजापूरचा सेनानी मुल्ला मुहम्मद लारी पडला. निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे या लढाईत होते, आणि त्यांचे बंधू शरीफजी येथेच कामी आले. या विजयानंतर अंबरने सोलापूर घेतले. मे १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे.

५. उल्हास खोऱ्यातील ठसा

अंबरचे नाव बहुधा दौलताबाद, खडकी, भातवडी अशा घाटमाथ्यावरील स्थळांशी जोडले जाते. त्याच्या कारभाराचा विचार करताना मात्र घाटाखालचा कल्याण प्रांतही लक्षात घ्यावा लागतो. पोर्तुगीजांच्या ताब्यातील वसई व चौल यांच्या मधल्या पट्ट्यात, उल्हास नदीच्या खोऱ्यात, निजामशाहीची सत्ता होती. आजचे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा सर्व परिसर याच प्रांतात मोडे. अंबरनाथचे शिवालय त्या वेळी साडेपाचशे वर्षांहून जुने झाले होते, कारण तेथील शिलाहारकालीन शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे. या गावाच्या नावातील ‘अंबर’ आणि सेनानीच्या नावातील ‘अंबर’ यांचे ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे आहे. बदलापूरचे नाव प्रवासात घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. ती ऐतिहासिक पुराव्याची जागा घेऊ शकत नसली, तरी घाट आणि बंदर यांच्यामधील घोडदळाच्या वाटेची स्मृती स्थळनामात शोधण्याची लोकमानसाची प्रवृत्ती तीतून दिसते. उल्हासनगर मात्र अगदी अलीकडचे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला नदीवरून हे नाव मिळाले.

या खोऱ्यावर अंबरचा ठसा लढाईपेक्षा जमाबंदीतून उमटला. मक्तेदाराला गावे ठेक्याने देऊन वसूल घेण्याची पद्धत त्याने बंद केली. जमिनीचा कस पाहून प्रतवारी ठरवली, प्रत्यक्ष लागवडीवर आकारणी केली, मिरासदाराचा जमिनीवरील हक्क मान्य केला आणि पाटील-कुळकर्ण्यांच्या ग्रामव्यवस्थेला बळ दिले. ग्रँट डफ याने १८२६ च्या आपल्या इतिहासात असे नोंदवले आहे की, सरकारचा वाटा पिकाच्या दोन-पंचमांश इतका मानला जाई, आणि परंपरेनुसार रोख रूपांतर मात्र सुमारे एक-तृतीयांशाचे होते. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही जमीनमहसुलाच्या इतिहासात या बंदोबस्ताचा उल्लेख येतो. या सुधारणेमागे केवळ प्रजेविषयीची कणव होती असे मानण्याचे कारण नाही. राजधानी गमावलेल्या राज्याला तिजोरी नसते. त्याचे सैन्य गावांच्या पिकावर जगते, आणि रयत गाव सोडून गेली की सैन्यही संपते. रयतेचे हित व युद्धाची गरज येथे एकत्र आली.

अंबरच्या राजकीय तंत्राचा शेवटचा अंकही याच मुलखात घडला. त्याचा मुलगा फत्तेखान याने १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. त्यानंतर शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एका बालकाला पेमगिरी येथे गादीवर बसवून राज्य चालवण्याचा प्रयत्न केला. तेहतीस वर्षांपूर्वी परांड्यास अंबरने जे केले होते, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर या प्रयत्नाचा शेवट झाला. उल्हासची उपनदी भातसा हिच्या खोऱ्यालगत हा किल्ला उभा आहे. तहानुसार निजामशाही कोकण विजापूरकडे गेले, आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. पुढच्या पिढीने मात्र अंबरचा मार्ग सोडला. कोणा राजवंशाच्या आडून कारभार करण्याऐवजी स्वतःच छत्र धारण करण्याचा निर्णय १६७४ मध्ये प्रत्यक्षात आला. अंबरला जे शक्य झाले नाही ते येथे घडले. त्यातही कुळाचा व क्षत्रियत्वाचा प्रश्न उपस्थित झालाच, हे राज्याभिषेकाच्या इतिहासावरून ज्ञात आहे. कुळावाचून सिंहासन नाही, ही अट सर्वांनाच लागू होती.

६. साधने आणि चरित्राचा प्रश्न

मलिक अंबरविषयीची समकालीन साधने पाहिली असता एक विलक्षण गोष्ट दिसते. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण त्याचे शत्रू, पाहुणे अथवा मित्रपक्षीय आहेत. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेख त्याच्या वर्णावरून शिव्या देत करतो. अंबरचा पराभव रणांगणावर पूर्णपणे करता आला नाही, तेव्हा भाल्यावर टांगलेल्या त्याच्या शिराला बादशहा बाण मारीत असल्याचे चित्र अबुल हसन या चित्रकाराने रंगवले. ते आज डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहात आहे. याउलट जहांगीराच्याच दरबारातील मुतमदखान हा अंबरच्या मृत्यूची नोंद करताना युद्ध, सेनापतित्व व कारभार या तिन्ही बाबतींत त्याला तोड नव्हती अशा आशयाची कबुली देतो. डच व इंग्रज व्यापाऱ्यांच्या नोंदी व्यापारी नजरेच्या आहेत. संस्कृतात, कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त भातवडीच्या युद्धाचे सविस्तर वर्णन येते आणि त्यात अंबरच्या पराक्रमाला मान दिलेला आहे. तथापि त्या काव्याचा विषय भोसले कुळ हा असल्याने अंबर तेथे शहाजीराजांच्या शौर्याची पार्श्वभूमी म्हणून उभा आहे.

मराठी गद्यपरंपरेकडे वळल्यास प्रश्न अधिक टोकदार होतो. बखर, कैफियत, करीना, वंशावळ हे मराठी ऐतिहासिक गद्याचे प्रमुख प्रकार होत. त्यांची रचना पाहता बखर पुष्कळदा कुळाच्या मूळ पुरुषापासून सुरू होते, कैफियत व करीना वतनाच्या हक्कासाठी पिढ्यांचा हवाला देतात, आणि वंशावळीचे प्रयोजन तर नावातच आहे. या सर्व प्रकारांत ‘कोण’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाचा’ या प्रश्नातून दिले जाते. लष्करी गुलामाची पात्रताच मुळी तो कोणाचा नसण्यात असते. आजा-पणजा नाही, मूळ गाव नाही, कुलदैवत नाही, आणि पुढे हक्क सांगण्यासाठी करीना लिहवून घेणारे वंशजही नाहीत. त्यामुळे मराठी मुलखावर पाव शतक अधिकार गाजवूनही अंबर स्वतंत्र बखरीचा नायक झाला नाही. त्याचे कारण केवळ परधर्मीयाविषयीची उपेक्षा एवढेच मानणे अपुरे होईल. त्या वाङ्मयप्रकारांच्या घडणीतच त्याला जागा नव्हती.

अशा माणसाची स्मृती मग भाषेने वेगळ्या मार्गाने जपली. ‘मलिकंबरी धारा’ हा शब्दप्रयोग महसुली परिभाषेत टिकून राहिला. ज्याला आडनाव नव्हते, त्याचे नाव विशेषण झाले. शेताची प्रत, बिघ्याचा आकार आणि सरकारी वसूल यांच्या संदर्भात हे नाव निजामशाही बुडाल्यानंतरही वापरात राहिले. बखरीने जे दिले नाही ते जमाबंदीच्या कागदाने दिले. मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने दप्तरी गद्य केवळ भाषिक नमुना म्हणून न पाहता स्मृतीचे एक स्थान म्हणूनही पाहावे, असे या उदाहरणावरून सुचवता येईल.

विसाव्या शतकात परिस्थिती बदलली. १९२७ मध्ये स. म. दिवेकर यांनी ‘शिवभारत’ मराठी भाषांतरासह संपादित केले, आणि भातवडीचा वृत्तान्त मराठी वाचकांच्या हाती आला. राधेश्याम (१९६८) व भा. ग. तामसकर (१९७८) यांनी इंग्रजीत अंबरची चरित्रे लिहिली. रिचर्ड ईटन यांनी २००५ मध्ये दख्खनच्या सामाजिक इतिहासात अंबरला एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि लष्करी गुलामीच्या उदयास्ताची मीमांसा केली. त्या मीमांसेतून एक मुद्दा स्पष्ट होतो : दख्खनमधील ही संस्था आपोआप विरघळत गेली. धनी मरण पावला की गुलाम मोकळा होई, त्याची मुले गुलाम नसत, ती येथेच वाढत, येथील भाषा बोलत आणि ‘दख्खनी’ होत. संस्था टिकवायची तर दर पिढीला नवी माणसे समुद्रापलीकडून आणावी लागत. हबशींची जागा भरून काढण्यास मराठा स्वार जवळच उपलब्ध होते. अंबरच्या फौजेतील हबशी आणि दख्खनी यांचे प्रमाण हाच या संक्रमणाचा पुरावा आहे.

आधुनिक लेखनात अंबरकडे पाहण्याच्या दोन प्रवृत्ती आढळतात. एक प्रवृत्ती त्याला स्वराज्याचा पूर्वसूरी ठरवते, तर दुसरी त्याला आफ्रिकी कर्तृत्वाचे प्रतीक मानते. दोन्हींत तथ्यांश आहे, पण दोन्ही त्याला पुन्हा एकदा कोणाचा तरी करू पाहतात. पहिली त्याला आपल्या इतिहासाच्या वंशावळीत बसवते, दुसरी त्याला हरवलेले कूळ परत देते. त्याच्या आयुष्याचे मर्म मात्र या दोहोंच्या मध्ये आहे. त्याचे नाव दुसऱ्यांनी ठेवले, धर्म दुसऱ्याने दिला, मुक्तीही दुसऱ्याच्या मृत्यूमुळे मिळाली. स्वतःच्या निवडीने त्याने जे केले ते एवढेच की, ज्या मुलखात तो विकला गेला त्या मुलखाला बेवारस होऊ दिले नाही.

७. समारोप

एकूण विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, लष्करी गुलामी ही केवळ क्रौर्याची अथवा केवळ संधीची कहाणी नव्हती. माणसाची नाती तोडून त्याला विश्वासार्ह बनवणारी ती एक राजकीय व्यवस्था होती, आणि नाती पुन्हा जुळू लागताच ती व्यवस्था निकामी होत असे. दुसरा, दख्खनमध्ये मम्लूक राज्य चालवू शकला, राजा होऊ शकला नाही. वंशाच्या या अटीनेच अंबरच्या कर्तृत्वाची सीमा आखली, आणि त्याच्या पश्चात शहाजीराजांनाही काही काळ तीच वाट चोखाळावी लागली. तिसरा निष्कर्ष वाङ्मयप्रकारांविषयीचा आहे. एखादी व्यक्ती परंपरेत का आढळत नाही, याचे उत्तर लेखकांच्या मनोवृत्तीत शोधण्यापूर्वी ज्या प्रकारांत ते लिहीत होते त्यांच्या रचनेत शोधले पाहिजे. वंशावळीने ज्यांना वगळले त्यांचा माग हिशेबाच्या कागदांत, शत्रूच्या शिव्यांत आणि महसुली शब्दांत लागू शकतो. चापू नावाच्या मुलाने स्वतःविषयी काय लिहिले असते, हे त्यांपैकी कोणत्याही कागदात मिळत नाही. मराठी चरित्रकारासमोर हे मौन आहे, आणि मलिक अंबरचे चरित्र लिहिताना त्याचीच नोंद आधी घ्यावी लागते.